रखमाबाईंचा खटलाही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

डॉक्टर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत डॉ. रखमाबाईंवर एक चौकट आली होती. 1864 चा जन्म, लंडनला वैद्यकीचे शिक्षण, सुरत आणि राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत केलेली दीर्घ सेवा, हे सगळे बरोबर आहे. पण ज्या खटल्याने त्यांचे नाव मुंबईपासून विलायतेपर्यंत गाजले, त्याच्या वाट्याला 'वैवाहिक जीवनातील अडचणींवर मात करून' एवढीच ओळ आली. माझी सारी वकिली नवरा-बायकोच्या दाव्यांत गेली. ती ओळ मला फार लागली.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी जावयाला शिकवून मार्गी लावायचे ठरवले होते. दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही, ते मामाच्या घरी जाऊन राहिले. इकडे मुलगी घरात बसून पुस्तके वाचत राहिली. 1884 मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला.

रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते. कळत नसताना, संमती न विचारता लावून दिलेल्या लग्नाच्या जोरावर मला या माणसाबरोबर राहायला लावू नका. सप्टेंबर 1885 मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. कोर्टाच्या हुकमाने बायकोला नांदायला लावण्याचा हा उपाय इंग्लंडातून आला आहे, हिंदू कायद्यात तो नाही, आणि जे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांच्यात पूर्ववत काय करायचे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. मी कोर्टात उभी राहणारी बाई आहे; 1885 साली असे लिहायला न्यायाधीशाला काय धैर्य लागले असेल याचा मला अंदाज आहे. 'केसरी'ने या निकालावर टीका केली. पाठीशी उभे राहणारेही होते, समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांत पुढे.

त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने दोन पत्रे आली, जूनमध्ये बालविवाहावर आणि सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. संपादकाला लिहिलेली पत्रेच, महोदय. बालविवाहाने माझ्या आयुष्याचे सुख तर नासवलेच, शिवाय मला सर्वांत प्रिय असलेल्या अभ्यासाच्याही तो आड आला, असे त्यांनी त्यात लिहिले. तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी पिन्हेंचा निकाल फिरवला आणि प्रकरण परत खाली पाठवले. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही, असे रखमाबाईंनी सांगितले. मग राणी व्हिक्टोरियाने हुकूम काढून लग्न मोडले, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. पण खरे तर खटला मिटला तो जुलै 1888 मधल्या तडजोडीने. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले, रखमाबाई पुढच्या वर्षी विलायतेला गेल्या आणि शिकून परत आल्या. या गदारोळाच्या पाठोपाठ 1891 चा संमतिवयाचा कायदा झाला, त्याने मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. पण ज्या दाव्याखाली त्यांना ओढले होते, तो तसाच राहिला. तडजोड झाल्यामुळे कायद्याच्या पुस्तकात अपिलाचा निकाल उरला, पिन्हेंचा नाही.

म्हणून मला या चौकटीबद्दल लिहावेसे वाटले. हा हुकूम न पाळणाऱ्या बायकोला होणारी कैद 1923 मध्ये गेली, मालमत्तेच्या जप्तीची तरतूद मात्र राहिली. 18 मे 1955 ला हिंदू विवाह कायदा लागू झाला, त्यात कलम 9 म्हणून हा दावा पुन्हा आला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. त्या वारल्या त्याच वर्षी 25 सप्टेंबरला. इंग्लंडने हा उपाय 1970 मध्ये आपल्याकडून काढून टाकला. आपल्याकडे 1983 मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने कलम 9 घटनाबाह्य ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले.

आजही हे कलम कसे वापरतात ते आमच्या बाररूममध्ये कोणालाही विचारा. मारहाणीला कंटाळून मुलगी माहेरी येते, पोटगीचा अर्ज टाकते, आणि थोड्या दिवसांत नवऱ्याकडून नांदायला येण्याचा दावा लागतो. त्याला बायको हवी असते असे नाही, पोटगी टाळायची असते. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी एक मुलगी अशी नोटीस रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आली होती. "मॅडम, आता पोलीस येऊन मला न्हेत्यात का?" तिचा पहिला प्रश्न हा होता. नेत नाहीत, हे तिला पटायला बराच वेळ लागला. हुकूम झाला तरी बायको न गेल्यास तेवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले. फार बरे झाले. पण ज्यांच्या हातात नोटीस पडते त्यांच्यापर्यंत हे कोणी पोहोचवायचे?

या कलमाखाली बायकाही दावे लावतात हे मी जाणते. 'मला नांदवा, टाकू नका' म्हणत आलेल्या कितीतरी जणींची कागदपत्रे मी स्वतः तयार केली आहेत. त्यांना डोक्यावर छप्पर हवे असते. ते पोटगीच्या आणि घरात राहण्याच्या हक्काच्या कायद्यांनी द्यावे. मन नसलेल्या माणसाला कोर्टाच्या हुकमाने संसारात बसवून ते मिळत नाही, हे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

रखमाबाईंना पहिल्या पिढीतल्या डॉक्टर म्हणून आपण मान देतो, तो द्यायलाच हवा. पण डॉक्टर होण्याआधी त्या एक बाविशीतली मुलगी होत्या आणि हायकोर्टाला नाही म्हणाल्या होत्या. शाळेतल्या मुलींना हे कळले पाहिजे.

एक विनंती आहे. येत्या 22 नोव्हेंबरला त्यांच्या जयंतीनिमित्त ती दोन पत्रे मराठीत पूर्ण छापावीत, आणि शेजारी पिन्हे यांच्या निकालाचा सारांश व कलम 9 ची आजची माहिती द्यावी. भाषांतर आणि कायद्याचा मजकूर मी आणि आमच्या बारमधल्या दोन तरुण वकील मुली विनामोबदला तयार करून देऊ. जागा किती मिळेल तेवढे कळवावे.

आपली,
एक स्त्री वकील, जि. सांगली