‘समाजाच्या भावना’ म्हणजे नेमक्या कोणाच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला धार्मिक मूलतत्त्ववादावरचा लेख वाचला. असा अवघड विषय घेतल्याबद्दल मनापासून आभार. त्यातल्या दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत, म्हणून हे पत्र. मूलतत्त्ववाद ही जुन्या काळाची शिल्लक आहे आणि शिक्षण वाढले की ती आपोआप संपेल, असा लेखाचा सूर आहे. मी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले. शिक्षणावर एवढा भरवसा ठेवता आला असता तर मला आनंदच झाला असता.

‘मूलतत्त्ववाद’ ज्याचे भाषांतर आहे, तो ‘फंडामेंटलिझम’ हा इंग्रजी शब्दच मुळी शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘द फंडामेंटल्स’ (म्हणजे ख्रिस्ती धर्माची मूळ तत्त्वे) नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या. पैसा होता कॅलिफोर्नियातले तेल-उद्योजक लायमन स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या भावाचा. लाखो प्रती छापून धर्मोपदेशकांना, प्रचारकांना, शिक्षकांना फुकट वाटल्या गेल्या. पुढे १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) संपादकाने या मूळ तत्त्वांसाठी झुंजायला तयार असणाऱ्यांना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिले. तेव्हा ती शिवी नव्हती. लोक ते नाव अभिमानाने लावत. लक्षात घ्यावे असे की त्यांचा मुख्य रोख परधर्मीयांवर नव्हता. बायबलची चिकित्सा करणाऱ्या, उत्क्रांतीचा सिद्धान्त मान्य करणाऱ्या ख्रिस्ती बांधवांवर होता. म्हणजे मूळ भांडण घरातले.

१९२५ च्या जुलैत टेनेसी राज्यातल्या डेटन या छोट्या गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला. तो बहुतेकांना ऐकून माहीत असतो. त्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. गर्दी आणि उकाडा इतका वाढला की न्यायाधीशांनी कामकाज इमारतीबाहेर हिरवळीवर हलवले. तिथे बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी समोरच्या बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला बोलावले. ब्रायन तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, बायबलचे कडवे कैवारी. बायबल म्हणते सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली, ते दिवस चोवीस तासांचेच होते का, असे डॅरोंनी विचारले. तसे असेलच असे मला वाटत नाही, ते दीर्घ कालखंडही असू शकतील, असे ब्रायन यांनी कबूल केले. अक्षरशः अर्थ घ्या म्हणणाऱ्यालाही शेवटी अर्थ लावावाच लागला. मग वाद उरतो तो एकच, अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा. मूलतत्त्ववादी म्हणतो, फक्त आमचा.

स्कोप्सना शंभर डॉलर दंड झाला आणि पुढे तो तांत्रिक कारणावरून रद्दही झाला. जगाने ब्रायन यांची टिंगल केली. खरा परिणाम मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. प्रकाशकांनी गाजावाजा न करता शालेय पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग आखडता घेतला, कुठे गाळूनच टाकला. उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा टेनेसीचा कायदा १९६७ पर्यंत लागू होता. वादळ शमल्यावर लोक स्वतःहून काय काय गाळू लागतात, ते पाहिले तर कट्टरतेने समाजात किती जागा व्यापली हे कळते. एक शिक्षिका म्हणून सांगते, वर्गात एखादा धडा पटकन उरकावासा वाटतो तेव्हा तो का वाटतो, हे आपल्यालाच ठाऊक असते.

आता जवळचे सांगते. माझा एक सहकारी होता. कुठल्या धर्माचा, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकते. हुशार, विज्ञानाचा पदवीधर. त्याच्या घरात मोठे आजारपण आले, कर्ज झाले. आम्ही सहकारी दोनदा भेटून आलो आणि आपापल्या कामाला लागलो. एका गटाची माणसे मात्र रोज यायची. रात्री उशाशी बसायची, औषधे आणून द्यायची. तो त्यांच्याकडे ओढला गेला यात मला नवल वाटत नाही. कट्टरता द्वेषाचे भाषण करत घरात शिरत नाही, ती मदतीला येते. आमच्यासारखे लोक कमी पडले, हे आज लिहितानाही सलते.

वर्षभराने त्याच्या घरी गेले होते. त्याची आई सत्तरी ओलांडलेली. लहानपणापासून आपल्या आईकडून शिकलेली प्रार्थना रोज करणारी. तो तिच्यासमोर एक पातळशी पुस्तिका धरून बसला होता आणि ओळीवर बोट ठेवून सांगत होता, “आई, तू आजवर म्हणत आलीस ते सगळं चुकीचं आहे. असं नाही, असं म्हण.” ती बाई काही बोलली नाही. चष्मा काढून पदराने पुसत राहिली. नंतर मला दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा हळूच म्हणाली, “तो बाहेर गेला की मी माझंच म्हणते.” सत्तर वर्षांची श्रद्धा, आणि ती स्वतःच्या घरात चोरून.

या घरातली गोष्ट आणि इतिहासातल्या मोठ्या घटना यांत मला एकच धागा दिसतो, घाव घालणारा आपल्याच धर्मातला असतो. गांधीजींना १९४८ मध्ये मारणारा हिंदू होता. श्रीलंकेचे पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर १९५९ मध्ये गोळ्या झाडणारा बौद्ध भिक्खू होता. १९८१ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना मारणारे त्यांच्याच सैन्यातले मुस्लिम होते. १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना मारणारा ज्यू होता, कायद्याचा विद्यार्थी. शिक्षणाचे म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर पहिले विमान आदळवणारा मोहम्मद अत्ता जर्मनीत नगररचना शिकला होता. शिक्षण माणसाला कौशल्य देते. शंका सहन करायला शिकवले नाही, तर ते कौशल्य कोणाच्याही कामी येते.

पाकिस्तानात पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांनी ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेची बाजू घेतली. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना ठार केले. न्यायालयात नेताना काही वकिलांनी त्या मारेकऱ्यावर फुले उधळली. दोन महिन्यांनी अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी यांचीही हत्या झाली. कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मागे पडले. त्या देशात सगळेच फुले उधळणारे होते का? नक्कीच नाही. पण बाकीचे घरात बसले, आणि जगाला दिसली ती फुले. आसिया बीबी निर्दोष सुटायला २०१८ उजाडले.

म्हणूनच आपल्याला एक विनंती आहे. वृत्तपत्रांत नेहमी येते, ‘अमुक समाजाच्या भावना दुखावल्या’. आपणही छापता. या चार शब्दांनी आपण त्या पुस्तिकावाल्या गटाला सगळ्या समाजाचे मुखत्यारपत्र लिहून देतो. माझ्या सहकाऱ्याची आईही त्याच समाजातली. तिला कोणी विचारले? पुढच्या वेळी अशी बातमी आली तर निवेदन देणारे किती जण होते, कोणत्या संघटनेचे होते, ते स्पष्ट लिहा. ज्या पुस्तकाबद्दल किंवा भाषणाबद्दल तक्रार आहे, ते त्यांनी वाचले-ऐकले होते का, तेही विचारा. आणि त्याच समाजातल्या, पण ज्यांच्या भावना दुखावलेल्या नाहीत अशा दोघा-तिघांशी आपल्या वार्ताहराने बोलावे. ते म्हणतील, आमचे नाव छापू नका. तर नाव न देता छापा, पण छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका