रसायनशास्त्राच्या बाईंना, आमच्या विहिरीकडून

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

चवथीच्या गडबडीत तुमचा स्टीलचा डबा परत करायचा राहिला, आणि आभार तर वर्षभर राहिलेत. समोर आले की तुम्ही "पुरे गो" म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणालात, घालत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात धाकटीचा पेनसिल्वेनियातून फोन आला. तिकडे घर विकत घेण्याआधी त्याची तपासणी करून घेतात, आणि तळघराच्या हवेत रेडॉन, म्हणजे फुफ्फुसाला घातक असा किरणोत्सारी वायू, किती तेही मोजतात. त्यांच्या घरात लिटरभर हवेत ७ पिकोक्युरी निघाला (पिकोक्युरी हे किरणोत्साराचं माप). ४ किंवा त्याहून जास्त असला तर उपाय करा, असं तिथल्या पर्यावरण खात्याचं सांगणं आहे. विकणाऱ्याने फरशीखालून छपरापर्यंत पाइप नेला, त्याला पंखा लावून दिला, आणि त्यांच्यापुरतं ते मिटलं. पण पोरीने कुठेतरी वाचलं होतं की हा वायू विहिरीच्या पाण्यातूनही घरात येतो. म्हणाली, "आई, आपण जन्मभर विहिरीचंच पाणी प्यालो. आणि आजोबा..."

पुढचं ती बोललीच नाही. माझे सासरे फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. विडीला उभ्या जन्मात हात न लावलेला माणूस. ती रात्र मी मोबाइलवर वाचत काढली, आणि सकाळी जे घरात भेटेल त्याला विचारत सुटले. आमचे हे म्हणाले, अमेरिकेची खुळं. दीर म्हणाले, २०२० पासून गोव्यात घरोघरी नळ आहे, विहीर बुजवून टाका. दुपारी एक पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला. कुठल्या कंपनीचा ते इथे लिहीत नाही. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. पाच मिनिटांत आमचा ग्लास गटारासारखा झाला. मी रेडॉन म्हटलं, तर तो लगेच म्हणाला, "मॅडम, त्यासाठी पण हेच."

संध्याकाळी रिकाम्या बाटलीत पाणी भरून मी तुमच्या पायरीवर आले.

बाई, तुम्ही हसला नाहीत, हे पहिलं. आणि घाबरवलंही नाहीत. पाठकोरा कागद घेतलात आणि विचारायला लागलात. विहीर उघडी की बोअरवेल? कशात खोदलेली? किती हात पाणी? संडासाची टाकी कुठे? झोपता कुठे? हे शेवटचं मला तेव्हा चमत्कारिकच वाटलं.

मग सांगितलंत. खडकात थोडं युरेनियम असतं, ते झिजत झिजत रेडियम होतं आणि रेडियमपासून हा वायू होतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. दर ३.८ दिवसांनी तो निम्मा होतो, आणि त्यातून उरलेले कण धुळीला चिकटून फुफ्फुसात जाऊन बसतात. तुम्ही सांगितलेली १९८४ सालची गोष्ट मी नंतर दहा जणांना तरी सांगितली असेल. त्याच पेनसिल्वेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा एक इंजिनियर अणुवीज प्रकल्पावर कामाला होता. प्रकल्प अजून सुरूही झालेला नव्हता, आणि किरणोत्साराची घंटा वाजायची ती हा गेटातून आत शिरताना. तपासलं तेव्हा कळलं, तो घरूनच ते अंगावर घेऊन येत होता. घरांतला रेडॉन जगाला खरा कळला तो तिथून.

"पण तुझं घर तिथलं नव्हे," तुम्ही म्हणालात. थंड देशात दारं-खिडक्या महिनोन्‌महिने बंद, खाली तळघर. शिवाय घरातल्या हवेत जो रेडॉन असतो त्यात पाण्याचा वाटा साधारण एक-दोन टक्के, बाकीचा जमिनीतून, फरशीच्या भेगांतून वर येतो. पाण्यातला बघायचा तो ग्रॅनाइटमधल्या खोल बोअरवेलचा, जिथे पाण्याला हवा लागत नाही. आपल्याकडे ग्रॅनाइट खाली दक्षिण गोव्यात, काणकोणला. साखळी गावातली आमची विहीर चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात खोदलेली, उघडी, राहाटाने रोज ढवळली जाणारी. त्यातला वायू बराचसा वरच्या वर उडून जातो. आणि पाण्यातून काढायचाच झाला तर त्यातून हवा खेळवावी लागते, नाहीतर सक्रिय कोळशाचा मोठा फिल्टर. विजेच्या कांड्यांनी काही होत नाही.

"आधी पोटात जातं ते बघू, मग श्वासातलं." एवढं बोलून तुम्ही फ्रिजवरची एक चिमुकली बाटली माझ्या हातात दिलीत.

त्या बाटलीबद्दल लोकांना सांगायलाच हवं. आत औषध लावलेला कागद, बाकी काही नाही. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि घरातच ठेवून द्यायची. एक-दोन दिवसांत काळी झाली तर पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. १९८२ साली ही युक्ती आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी काढली, हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर अगदी वर्गातला भाव आला होता. मेमधली बाटली जेमतेम करडी झाली. जुलैत, पाऊस लागल्यावर, तुम्ही दुसरी भरायला लावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उठले तर शेगडीशेजारी ती उभी, शाईच्या दौतीसारखी.

खरं सांगते, मी शेजाऱ्यांवर बोट ठेवायच्या तयारीत होते. त्यांचं नवं बांधकाम, त्यांचा शोषखड्डा. तुम्ही म्हणालात, टेप आण. त्यांचा खड्डा २२ मीटरवर निघाला. आमचा ९ वर. मुलाची खोली वाढवली तेव्हा आम्हीच खणलेला! निदान १५ मीटर तरी हवेत. शिवाय आपला चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पावसात पाणी चढलं की खड्डा आणि विहीर आतून एकमेकांशी बोलायला लागतात. पाणी प्रयोगशाळेत दिलं, तिथल्या कागदावर तेच आलं: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, सापडताच कामा नयेत, आमच्यात सापडले. दर पावसाळ्यात नातवाचं पोट बिघडायचं, त्याला आम्ही फणस खाल्ल्याचं कारण देत होतो.

खड्डा घराच्या खालच्या अंगाला हलवला. तोवर तुम्ही आम्हाला विहिरीत ब्लीचिंग पावडर घालायला शिकवलंत, आणि गणित माझ्याकडून करून घेतलंत. बी.ए. झालेल्या बाईला पन्नाशीत घनफळ! रुंदी ३ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. मी अख्खा डबा ओतणार होते. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, वर-खाली करत राहायची. तळाचा चुना विहिरीत नाही. मग निदान तासभर पाणी काढायचं नाही. हे रात्री करायचं, म्हणजे सकाळपर्यंत कुणाची घागर आडवी येत नाही. तुम्ही छत्री धरून कठड्यापाशी उभ्या होतात आणि ह्यांना म्हणत होतात, "हात मोडला का रे, अजून चार वेळा."

त्याच कागदावर सामू (पीएच, पाण्याचा आंबटपणा सांगणारा आकडा) ५.६ होता. हवा ६.५ ते ८.५. चिऱ्यातलं पाणी असं आंबटसरच असतं म्हणे. बेसिनमध्ये नळाखाली निळसर हिरवा ओघळ होता, तो मी चार वर्षं घासत होते. तो पितळी नळातलं तांबं विरघळून आलेला. तेव्हापासून रात्रभर नळात थांबलेलं पाणी आधी बादलीत सोडते, मग पिण्याचं भरते. सासूबाईंची तांब्याची कळशीही तुम्ही बंद केलीत. त्याबद्दल त्यांनी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

आणि तो विजेच्या कांड्यांचा खेळ. तुम्ही तसल्याच कांड्या कुठून पैदा केल्यात देव जाणे. दुकानातून आणलेल्या सीलबंद पाण्यात मिठाची चिमूट टाकलीत, बटण दाबलंत, आणि तेही तसंच गटार झालं. काळं होतं ते कांडीचं लोखंड, पाण्यातली घाण नव्हे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटतं. यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून ते स्वच्छ दिसतं. आमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, ९४ मिलिग्रॅम, आणि ५०० पर्यंत चालतो. यंत्राचे पैसे खड्डा हलवण्यात गेले.

रेडॉन मात्र तुम्ही विसरला नाहीत. मी विसरले असते. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून तुम्ही तो छोटा डबा मागवलात, आत फिल्मचा तुकडा असलेला. नव्या स्लॅबच्या खोलीत, जिथे आम्ही एसी लावून रात्रभर बंद झोपतो, तिथे भिंतीपासून दूर तो तीन महिने टांगला. जुन्या कौलारू घरात वारा आपणच फिरतो, तिथे नको म्हणालात. आता मला कळलं, झोपता कुठे असं का विचारलं होतंत. सासूबाईंना वाटलं दृष्टीचं काहीतरी आहे, त्या जाता-येता हात जोडायच्या. फिल्म कॉस्टिक सोड्यात धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे मोजतात, त्यावरून हिशेब. घनमीटर हवेत ४१ बेकरेल निघाला (पोरीच्या पिकोक्युरीपेक्षा हे माप वेगळं). जागतिक आरोग्य संघटना १०० च्या आत ठेवा म्हणते. तरी फरशीच्या कडेची भेग सिमेंटने भरून घेतली आणि सकाळी अर्धा तास खिडक्या उघडते.

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, मग मामंजी कशाने गेले? तुम्ही बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे बघत बसलात. मग म्हणालात, एका माणसाच्या आजारावरून घरावर आळ घेता येत नाही, आणि घराला निर्दोषही ठरवता येत नाही. रेडॉन काही सही करून जात नाही. चुलीचा धूर होता, नशीब होतं, काय होतं ते आता कळणार नाही. दुसरं कुणी असतं तर मला बरं वाटावं म्हणून ठाम काहीतरी सांगून मोकळं झालं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. मी घरी जाऊन रडले, आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले.

यंदाच्या जुलैची बाटली पाच दिवस शेगडीशेजारी होती, पिवळट की पिवळटच. नातवाने तिच्यावर पेनने तारीख घातली आहे, ती तुम्हाला दाखवायची म्हणून टाकू देत नाही. रविवारी डब्यात पातोळ्या घालून आणते. मागच्या वाड्यातल्या दोघींच्याही विहिरी बघायच्या आहेत, त्यांना कठड्याचा व्यास मोजून ठेवा म्हणून सांगितलंय.

तुमची,
विहिरीच्या घरातली