समाजसेवा विभागातील ताईंचे जाहीर आभार

गेल्या वर्षी वडिलांच्या तोंडाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आम्ही परळच्या एका रुग्णालयात होतो. डॉक्टरांचे आभार तेव्हाच मानले. समाजसेवा विभागातील ज्या ताईंनी आम्हाला सावरले, त्यांचे नाव विचारायचे मात्र राहून गेले.

शिधापत्रिका आणि आधार कार्डावरील नावांत फरक असल्याने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी अडली होती. दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा त्यांनी स्वतः लिहून दिला आणि आईच्या मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेकरिता चिठ्ठीही दिली.

शस्त्रक्रियेनंतर वडिलांना बोलता येत नव्हते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वतीने आम्हीच देत होतो. ताईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, पाटी-पेन्सिल त्यांच्या हाती दिली आणि थरथरत्या हाताने लिहून होईपर्यंत त्या शांतपणे थांबल्या. पाटीवर उमटले, ‘जमीन विकू नका.’ (आम्ही त्यांच्या नकळत सौद्याची बोलणी सुरू केली होती, पण ते त्यांनी केव्हाच ओळखले होते.) ‘सगळे ठीक होईल’ असे एकदाही न म्हणता ताईंनी योजनेतून किती मिळेल, धर्मादाय न्यासांकडे किती मागता येईल आणि घरचे किती लागतील, याचा हिशेब वडिलांसमोरच मांडला. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी झोपले.

ताई, जमीन विकावी लागली नाही. यंदा तिच्यात सोयाबीन आहे. आम्हा सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.