‘कोकताहे’ला हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावणात गोव्यातल्या देवळांत भजने रंगतात, तेव्हा ज्ञानदेवांची ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही विरहिणी, म्हणजे विरहाचे पद, हमखास होते. हातातल्या पदांच्या पुस्तिकांत मात्र ‘कोकताहे’चे हाल झालेले दिसतात. कुठे ते ‘कोकत आहे’ असे तोडलेले, कुठे चक्क ‘बोलताहे’. कोकणे म्हणजे कोकिळेसारखे गोड बोलणे, असेही सांगितले जाते. ते चूक आहे.

कोकणे म्हणजे कावळ्याने ओरडणे. आवाजावरूनच घडलेले हे क्रियापद. शाळेत मुले पाठ करतात, कोंबडा आरवतो, पारवा घुमतो. कावळा मात्र नुसती कावकाव ‘करतो’. सातशे वर्षांपूर्वी त्याला स्वतःचे क्रियापद होते! आजच्या बोलण्यातले ‘कोकलणे’ उच्चारून पाहावे, म्हणजे त्यातला कर्कशपणा कानाला कळेल. तो कर्कशपणा इथे हवाच. विरहिणी कावळ्याचे पाय सोन्याने मढवायला निघाली आहे, दहीभाताची उंडी त्याच्या तोंडी लावते आहे, दुधाची वाटी पुढे करते आहे. एरवी ज्याला हुसकावून लावावे, त्याच्या ओरडण्यात तिला पंढरीरायाच्या येण्याचा शकुन ऐकू येतो. आवाज गोड केला की तिची ही व्याकुळताच पुसली जाते.

‘कोकताहे’ म्हणजे कोकत + आहे, पण जोडूनच. पुढच्या ‘सांगताहे’शी यमक आहे. तोडून छापले की गाणारा ‘कोकत’वर श्वास घेतो आणि ओळ लंगडते. शब्द एका श्वासात घ्यावा.

‘काऊ’ही बाळबोली नव्हे. जुन्या मराठीत प्रथमेचा असा उकारान्त सर्रास असे. म्हणून काऊ, पाऊ, राऊ जुळतात. ‘पैल’ म्हणजे पलीकडे. मांडवीकाठी ‘पलतडी’ म्हणणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. ‘जीवा पढिये’ यातल्या ‘पढिये’चा पढण्याशी संबंध नाही, त्याचा अर्थ ‘आवडते’. आणि ‘सत्य सांगे गोठी’ इथे ‘गोष्टी’ छापू नये, वाटी-ओठी-गोठी हे यमक तुटते.

पुस्तिका छापणाऱ्या मंडळांनी जुन्या शब्दांचा अर्थ खाली बारीक अक्षरात जरूर द्यावा. ओळ मात्र आहे तशीच ठेवावी.

आपला,
एक वाचक, फोंडा