थर वाचवा, शिंपला आपोआप वाचेल : केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

भूवारसा स्थळे आणि भूअवशेष (खडक, जीवाश्म यांसारखे नमुने) यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा आपल्या मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये लोकांपुढे ठेवला. असा कायदा हवाच. त्यानिमित्ताने एका बिनचेहऱ्याच्या प्राण्याची बाजू मांडतो, कारण डायनासोरची बाजू घेणारे पुष्कळ आहेत.

कच्छिथायरिस ॲक्युटिप्लिकाटा हा कच्छच्या जुरासिक खडकांत जीवाश्मरूपात सापडणारा ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन कवचांचा एक समुद्री प्राणी. कच्छच्या ब्रॅकिओपॉडांवरचा जीवाश्मशास्त्रज्ञ किचिन यांचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मालेत १९०० साली निघाला. म्हणजे हे दप्तर आपल्याच खात्याचे.

दिसायला हा शिंपलाच, पण कालवांच्या कुळातला नव्हे. याची दोन कवचे लहानमोठी असतात. मोठ्याच्या चोचीला भोक असते. त्यातून निघालेल्या देठाने प्राणी तळाला धरून राही आणि पाण्यातले अन्नकण गाळून खाई. गोंडवन हा दक्षिणेकडचा प्राचीन महाखंड दुभंगू लागल्यावर कच्छमध्ये समुद्र शिरला. सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी त्याच्या उथळ तळावर यांची वस्ती होती.

तो तळ कसा होता, हे कवचे कशी पडली आहेत त्यावरून कळते. दोन्ही कवचे मिटलेली, जोडीने सापडली तर बहुधा गाळाने त्यांना चटकन झाकले. सुटी, मोडकी, एकावर एक साचलेली असतील तर लाटांनी किंवा वादळाने ती लोटत आणली असावीत. हीच खूण थरागणिक तपासत वर गेले की समुद्राची बदलती तऱ्हा उलगडते. टेकडीवरून उचलून विक्रीला ठेवलेला नमुना कितीही देखणा असो, त्यातून यातले काहीच कळत नाही.

म्हणून कायद्यात एकेका वस्तूआधी थरांचा सलग छेद, म्हणजे खालपासून वरपर्यंत ओळीने दिसणारे थर, संरक्षित करावा. खाणकाम किंवा रस्त्यासाठी डोंगर फोडण्यापूर्वी त्या छेदाची मोजणी, छायाचित्रे आणि नमुने घेणे बंधनकारक असावे, आणि खर्च फोडणाऱ्याने सोसावा. गोळा केलेले नमुने, कुठल्या थरातले याच्या नोंदीसह, कुणालाही पाहता येतील अशा संग्रहात जावेत. कुलूपबंद कपाटात नकोत.

आणखी एक. मसुद्यात सारे अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतात, हा अभ्यासकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. वहीत नोंद करून चार कवचे नेणारी विद्यार्थिनी आणि पोती भरणारा व्यापारी यांना एकच कलम लावू नये. विद्यापीठांसाठी परवानगी साधी, ठरावीक मुदतीत मिळणारी असावी आणि नकार दिल्यास कारण लेखी द्यावे.

कळावे,
आपला,
जीवाश्मांचा एक अभ्यासक