ते रिव्हॉल्व्हर महायुद्धातलं नाही हो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या हत्यारांवरचा लेख वाचला, फोटो मस्त आलेत, पण त्या स्मिथ अँड वेसनच्या फोटोखाली 'दुसऱ्या महायुद्धातलं रिव्हॉल्व्हर' असं छापलंय आणि लगेच पुढे त्याचा नंबर दिलाय जो सी अक्षराने सुरू होतो, तिथेच गडबड आहे. लढाईच्या काळात ही कंपनी .३८ बोअरच्या मिलिटरी अँड पोलिस मॉडेलच्या नंबराआधी व्ही मारायची, व्ही म्हणजे व्हिक्टरी, १९४२ ते ४५. मग थोडी वर्षं एस चालला आणि सी आला १९४८ मध्ये. म्हणजे हे बनलं तेव्हा हिटलरला जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती.

ज्यांच्याकडे ते आहे त्यांना सांगा, एकदा सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा तो फिरता गोल डबा, बाहेर काढून आतल्या खाचेत बघा. १९५७ पासून कंपनी तिथे मॉडेल नंबर मारायला लागली, याचा १०. तो नसला तर माल बहुधा १९४८ ते ५७ मधला. मुठीखालचा नंबर आणि सिलिंडरच्या मागच्या तोंडावरचा नंबर जुळतात का तेही बघा, नाही जुळले तर कोणीतरी पार्ट बदललाय. मुठीच्या लाकडावरून मात्र काही ठरवू नका, ती एका स्क्रूची वस्तू, कधीही बदलते.

हे सगळं मला का कळतं तर आमच्याकडे पण अशीच एक कथा होती. आजोबांचं .३२ चं वेबली रिव्हॉल्व्हर, मार्क फोर, खटका दाबला की नळी खाली झुकते आणि सगळी काडतुसं एकदम वर येतात ते. आत्या सांगायची की ४७ साली एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आजोबांना देऊन गेला. वारसा लायसन्सच्या वेळी डीलरने भिंग लावून सिलिंडर दाखवला तर मुकुट आणि त्याखाली बीएनपी. हा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे हत्यारं तपासून पास करणाऱ्या संस्थेचा शिक्का, पण बीएनपी हे १९५४ च्या नियमांपासूनचं, त्याआधी वेगळे शिक्के होते. आता ४७ साली गेलेला साहेब ते देणार कुठून, आजोबांनी सरळ दुकानातून घेतलं असणार. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, त्या डीलरला काय कळतंय.

नळीवरचे शिक्के तर वाचताच येत नाहीत, कारण काकांनी घरच्या लग्नाच्या आधी ते इथल्या लष्कर भागातल्या एका दुकानात देऊन बफ मारून निकल करून आणलं. चकचकीत झालं खरं, पण अक्षरं सपाट झाली आणि नंबरातला एक आकडा ३ आहे की ८ ते कोणालाच सांगता येईना. आमच्या ग्वाल्हेरला दर निवडणुकीला हत्यार थान्यात जमा करावं लागतं, तिथे मुंशीजी एकदा ३ लिहितात एकदा ८, आणि परत घेताना अर्धा दिवस पावत्या जुळवत बसायचं! वर आर्म्स ॲक्टच्या ८व्या कलमाप्रमाणे नंबर खोडणं हा गुन्हाच आहे, काकांना त्याचा पत्ताही नव्हता. संग्रह करणाऱ्याच्या दृष्टीनेही झिजलेलं मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा तो निळसर काळा थर, बरं, नवं निकल नको.

तर लेखकांनी रागावू नये, माहिती बाकी चांगली होती. फोटोखालची ओळ तेवढी येत्या रविवारी दुरुस्त करून छापा, 'महायुद्धानंतरचं, १९४८ किंवा पुढचं' असं लिहिलं तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, लष्कर, ग्वाल्हेर