आवेशाचा पहिला वार

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धर्म आणि देशभक्ती यांना राजकारणातून कायमचे हद्दपार करावे, असे तू पत्रात लिहिले आहेस. ते मला पटले नाही. सभा, अर्ज आणि विनंत्या यांपुरते मर्यादित असलेले राजकारण १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवाने आणि १८९६ च्या रायगडावरील शिवउत्सवाने पेठापेठांतल्या सामान्य माणसापर्यंत नेले, हे टिळकांच्या विरोधकांनाही नाकारता आलेले नाही. कोरड्या युक्तिवादाने माणसे घराबाहेर पडत नाहीत. तुरुंगात जायला तर मुळीच तयार होत नाहीत.

पण याच उत्सवाची दुसरी बाजूही पाहा. त्याआधी पुण्यातले अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत असत. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर गणेशोत्सवात गाणाऱ्या पथकांच्या, म्हणजे मेळ्यांच्या, पदांतून त्यांना ताबुतांकडे पाठ फिरवण्याचे आवाहन होऊ लागले, आणि शेजारधर्माची जुनी वहिवाट बघता बघता मोडली. एकाच उत्सवाने माणसे जोडली आणि तोडलीही, म्हणून ‘आवेश चांगला की वाईट’ या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही. मी वेगळे पाहतो: हा आवेश आपल्यातल्याच, पण वेगळे बोलणाऱ्या माणसाशी कसा वागतो? परक्या शत्रूशी तो कठोर असणार, हे तर उघडच आहे.

१८९५ साली पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन ठरले, तेव्हा समाजसुधारणेसाठी काँग्रेसबरोबरच भरणारी सामाजिक परिषद नेहमीप्रमाणे त्याच मंडपात भरवण्याला टिळकपक्षीयांनी कडाडून विरोध केला आणि मंडप जाळण्यापर्यंत भाषा गेली. त्या परिषदेचे सूत्रधार न्यायमूर्ती रानडे होते. काँग्रेसच्या जन्मापासून तिच्याशी निगडित असलेला, धर्मनिष्ठ आणि प्रार्थनेत रमणारा माणूस. त्यांनी वाद न वाढवता परिषद दुसरीकडे नेली. (टिळकांविषयी मला नितांत आदर आहे, तरीही या प्रसंगात मी रानड्यांच्या बाजूला उभा राहतो.)

फ्रान्समधली गोष्ट याहून भीषण आहे. युरोपवर युद्धाचे ढग जमलेले असताना समाजवादी नेते झाँ जोरेस ते टाळण्यासाठी अखेरपर्यंत धडपडत होते. ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसमधल्या एका कॅफेत ते रात्रीचे जेवण घेत असताना राऊल व्हिलें नावाच्या तरुणाने खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून केला. तो स्वतःला देशभक्त समजत असे. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्याचा खटला चालला. फ्रान्स तेव्हा विजयाच्या धुंदीत होता. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले आणि खटल्याचा खर्च जोरेस यांच्या विधवेवर लादण्यात आला. मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो हा खर्चाचा हुकूम, कारण खून एका माथेफिरूचा म्हणून सोडून देता येतो, पण हुकूम शांतपणे, कायद्याच्या भाषेत लिहिला गेला होता. पुढे १९२४ मध्ये त्याच देशाने जोरेस यांच्या अस्थी समारंभपूर्वक पँथिऑनमध्ये, म्हणजे राष्ट्रातल्या थोरांच्या पॅरिसमधील स्मारकात, नेल्या.

धर्माच्या नावाने निघालेल्या मोहिमांतही हेच दिसते. चौथे धर्मयुद्ध मुसलमानांविरुद्ध पुकारले गेले होते, पण १२०४ मध्ये त्या सैन्याने लुटले ते कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे ख्रिस्ती जगातले सर्वांत वैभवशाली शहर. गांधीजींना १९४८ मध्ये हिंदूनेच मारले आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना १९९५ मध्ये ज्यूनेच. दोन्ही मारेकऱ्यांना आपण धर्माचे आणि राष्ट्राचे रक्षण करतो आहोत असे वाटत होते.

तेव्हा सभेत घोषणा किती मोठ्याने दिल्या जातात, याकडे मी फारसे लक्ष देत नाही. त्याच सभेत कोणी उठून शंका विचारली, तर त्याला बोलू देतात का आणि नंतर तो निर्धास्तपणे घरी पोहोचतो का, एवढे पाहतो. टिळकांविषयी तुझा निवाडा माझ्यापेक्षा कडक असणार, हे मला ठाऊक आहे. पुढच्या पत्रात त्याची कारणे सविस्तर लिही. मेळ्यांच्या पदांविषयी तर अवश्य लिही.

तुझा,
बाबा